राणीच्या पायातल्या चपला

आमचा जुना स्टुडिओ जळाला, तेव्हा आमच्या सिनेमातल्या नायिका, बाई, आतच होत्या. त्यानंतर नव्या सेटवर नाटकातल्या सवयीनं जमिनीला हात लावून नमस्कार करायच्या, पण चपला काढायच्या नाहीत, पळायला बऱ्या. मी केस विंचरू लागले की विचारायच्या, "दार उघडं हाय न्हवं गं?"

"हाय की, बाई."

तरी वळून बघायच्याच.

बाईंची राणी हसत जळत्या महालात शिरते, त्या शॉटला डायरेक्टर ओरडले, "बाई, चपला!" बाईंनी लुगडं खाली ओढून त्या झाकल्या आणि हसत जाळात शिरल्या.

पुढं आमच्या कोल्हापुरातल्या थेटरात सिनेमा लागला, तो प्रसंग आला आणि टाळ्या थांबेनात. शेजारी बसलेल्या बाईंनी माझं मनगट आवळलं.

"दार गं?"

"उघडं हाय, बाई."

खेळ सुरू होताच डोअरकीपरनं बाहेरून कडी घातली होती.