खळ्यावर मिळालेली मान्यता

आमची शाळा जागची हलली नव्हती. तिला मान्यता देणारी कचेरी मात्र आधी हैदराबादेत होती, ती राज्यपुनर्रचनेनंतर मुंबईला गेली. त्यामुळे लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावातील हायस्कुलाला, आपण शाळाच आहोत, हे पुन्हा सिद्ध करावे लागले. मी तिथे गणित शिकवत असे.

अटी पुष्कळ होत्या. अडलो ते क्रीडांगणापाशी. ती जागा आमच्या संचालक मंडळावरील एका शेतकऱ्यांनी दिलेली होती, आणि सुगीत तिथे त्यांचे ज्वारीचे खळे असे. तपासणी नेमकी सुगीतच ठरली. मान्यता न मिळाल्यास मॅट्रिकचा वर्ग बंद. पुढे शिकायचे तर उमरगा गाठायचे. या शेतकऱ्यांची लेक वर्गात पहिली येई. तिच्याबाबतचा निर्णय त्यांनी आधीच सांगून ठेवला होता : "उमरग्याला न्हाय धाडायचो. लगीन लावून देतो."

"मग दादा, तपासणीपुरती रास हलवा," मुख्याध्यापकांनी विनवले.

"पुजल्याबिगर रास हलत न्हाय, गुरुजी. तुमच्या सायबालाच हलवा की म्होरं!"

साहेब ठरल्या दिवशीच आले. बुटासह खळ्यात पाऊल टाकणार, तोच राशीपासून आवाज आला, "ओ सायेब! पायताण काढा आधी. लक्ष्मी हाय हितं."

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. साहेबांनी मात्र मुकाट्याने खाली बसून नाड्या सोडल्या आणि विचारले, "मुलेही इथे अनवाणीच येतात?"

"एकाच्याही पायात काही नसते, साहेब," मी उत्तरलो. विधान अचूक होते. मुलांपाशी वहाणाच नव्हत्या.

यथावकाश मान्यता आली. अनवाणी राहून क्रीडांगणाचे पावित्र्य राखण्याची प्रथा अनुकरणीय असून ती बारमाही पाळण्याच्या अटीवर मान्यता देण्यात येत आहे, असे तीत नमूद होते. खळ्याचा उल्लेख नव्हता. त्यासाठी रकाना नसावा.

पुढल्या वर्षी मॅट्रिकचा निकाल लागला, तेव्हा पाऊस सुरू झालेला होता. मुलीचे वडील नव्या वहाणा घालून क्रीडांगणातून तरातरा येताना दिसले.

"गुरुजी, पोरगी पास झाली!"

"आनंद आहे. पण वहाणा काढा आधी."

"आता कुठाय खळं?"

"खळे नाही, दादा. मान्यता आहे."

त्यांनी वाकून वहाणा काढल्या. "आमची लक्ष्मी सुगी सरली की उठती. तुमची बारा म्हैने ठाण मांडून बसती व्हय?"

आणि वहाणा काखोटीला मारून, पेढ्यांचा पुडा उंच धरून, ते घोटाभर चिखलातून हसत आले.