अर्धी भाकर

कारळाच्या चटणीचा वास आला की अहमदपूरच्या आमच्या लहानशा चर्चमधला उपासाचा दिवस आठवतो. पास्टर मला तरुणांचा पुढारी नेमणार होते, पण "आधी मन ताब्यात ठेवायला शीक," म्हणायचे. त्या दुपारी लोहा गावची एक म्हातारी नातवासाठी प्रार्थना मागायला आली, आमच्यासाठी भाकर-चटणी बांधून. "मावशी, आज उपास हाय आमचा," मी ठामपणे म्हणालो. तिचा चेहरा उतरला. पास्टर मात्र खाली बसले, अर्धी भाकर खाल्ली. "लई गोड लागून राहिली, माय." मन नक्की कुणी ताब्यात ठेवलं, मला उमजेना. त्यात पुढच्या रविवारी त्यांनी पुढारी मलाच केलं. आता उपासाच्या दिवशी कुणी डबा पुढं केला की माझा हात घ्यायला निघतो आणि मधेच थांबतो.