सही भेटणार नाही

गोंदियाजवळच्या कामठा गावच्या शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली, तेव्हा परदेशी व्यवहाराचं काम पुष्पांजलीकडे आलं. ती एम.कॉम. झालेली, गोंदियातल्या एका राइस मिलच्या निर्यातीच्या कामात मुरलेली. कंपनीचे अध्यक्ष यादोराव तिचे चुलत सासरे. नवं गिऱ्हाईक आलं की ते नक्की कोण, त्याची बँक कोणती, याआधी त्याला माल कोणी दिला, हे सगळं ती खोदून काढायची आणि मगच करारावर सही करायची. बँकेत कंपनीच्या वतीने सही तिचीच नोंदवलेली होती.

यंदा चिन्नोर, तिकडचा सुवासिक तांदूळ, चांगला पिकला. यादोरावांचा मुलगा हिमांशु नागपूरच्या प्रदर्शनातून हवेत तरंगतच परतला. दुबईचा एक व्यापारी सगळा तांदूळ उचलायला तयार होता, तोही बाजारापेक्षा चढ्या भावाने. करारसुद्धा त्यानेच लिहून पाठवला.

पुष्पांजली वाचत वाचत एका कलमाशी अडली. माल दुबईला पोचल्यावर तो पसंत आहे की नाही हे व्यापारी ठरवणार. नापसंत झाला तर परतीचं भाडं कंपनीच्या गळ्यात. पैसेही पसंतीनंतरच.

तिने व्यापाऱ्याला आपले नेहमीचे प्रश्न पाठवले. उत्तराऐवजी राग आला: एवढ्या मोठ्या माणसावर संशय घेता? मग तिने त्याच्या कार्डावरचा नंबर बाजूला ठेवला, तिथल्या व्यापारी संघटनेकडून त्या फर्मचा नंबर मिळवला आणि सरळ फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलला. "वो तो कब के छोड़ गए. हमारा उनसे अब कोई लेना-देना नहीं."

"मंग त्याने सोताची फर्म काढली असंन," हिमांशु म्हणाला. "जुनं कार्ड देल्लं, त्यात काय एवढं? वहिनी, तुमी पार्टीले चोर ठरवून राहिल्या."

"मी चोर म्हटलंच नाही. तो कोण आहे हे मले माहीत नाही, एवढंच म्हणते. त्याच्या बँकेने आधी हमी द्यावी, अन् तांदूळ नागपुरातच तपासून घ्यावा. मंग आत्ताच्या आत्ता सही करते."

व्यापाऱ्याने दोन्ही अटी उडवून लावल्या. यादोरावांनी तिला समोर बोलावलं.

"सही कर, बाई. अध्यक्ष मी आहो."

"मामाजी, तुमचा मान मोठा आहे. पण सही माही आहे."

"घरच्या सुनेनं असं बोलावं?"

"घरी सून आहो. इथं नाही."

"कामावरून काढून टाकीन!"

"काढा. सही भेटणार नाही."

यादोरावांनी तिथल्या तिथे ऑफिसची चावी मागून घेतली. ती घराकडे चालू लागली. माणूस खरा निघाला तर? गावाच्या हातातोंडाशी आलेला भाव आपल्या हट्टापायी गेला असं होईल. पण खरा असेल तर हमी द्यायला त्याचं काय जातं? या प्रश्नाचं उत्तर तिला सापडेना, आणि उत्तर सापडत नव्हतं तोवर ती हलणार नव्हती.

सहीचा अधिकार दुसऱ्याच्या नावे करायचा तर सभासदांची संमती लागत होती. तलावाच्या पाळीवर सभा भरली. पुष्पांजली सभासद नव्हती. शेत तिच्या सासूच्या, धुरपताबाईंच्या नावावर. हिमांशुने भाव सांगितला तशी माणसं खूश झाली. पुष्पांजली उभी राहिली.

"तुहं इथं काय काम?" यादोराव म्हणाले.

"माह्या संग आली आहे ते," धुरपताबाई बसल्या जागेवरून ओरडल्या. "बोलू द्या तिले!"

पुष्पांजलीने कराराचा कागद बाजूला ठेवला आणि गावच्या बोलीतच सांगितलं, "तांदूळ समुद्रापार गेला. तो म्हणाला, आवडला नाही. मंग तुमी काय करसान? भाडं भरून परत आणसान, का तो मांगन त्या भावात देऊन टाकसान?"

"अन् माणूस चांगला असला तं?" सभासदांतला बकाराम म्हणाला.

"असंनही. मंग बँकेची हमी द्याले कायले भेते?"

धुरपताबाई उठल्या, पदर खोचला. "मी माहा धान देत नाही. ज्याले द्याचा त्याने खुशाल द्यावा." मागून दुसऱ्या एक सभासद अनुसयाबाई उठल्या, मग आणखी बायका, शेवटी बकारामही. धानच नाही म्हटल्यावर करार कशाचा करणार? यादोरावांनी पुष्पांजलीकडे न बघता ऑफिसची चावी धुरपताबाईंच्या हातात दिली.

बहुतेक तांदूळ गोंदियाच्या बाजारात नेहमीच्या भावाने गेला. दुबईचा माणूस खरा होता की खोटा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे मॉरिशसहून एकाने विचारणा केली. बँकेचं नाव त्याने आपणहून कळवलं, आणि उलट पुष्पांजलीलाच इतके प्रश्न विचारले की उत्तरं लिहिता लिहिता तिचा दिवस गेला. तिला तो माणूस आवडला. चिन्नोरचा पहिला कंटेनर त्यालाच गेला. हिमांशु अजून तिच्याशी तोंड भरून बोलत नाही, पण कुणाचं कार्ड मिळालं की मुकाट तिच्या टेबलावर ठेवून जातो.

महाशिवरात्रीला नागऱ्याच्या शिवमंदिराच्या यात्रेत, दर्शनाच्या रांगेत एका बाईने तिला टोकलं, "दुबईवाल्याले हाकललं ते तूच नं? गावाचा भाव घालवला म्हणतेत."

पुष्पांजली मागे वळली.

"हो, मीच हाकलला," ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली. "काऊन, काय झालं?"