हौसराव आबांनी कोरडा ठरवलेला माळ

हौसराव आबा बिस्किटाचा बंद पुडासुद्धा नाकाशी धरून मगच घेतात आणि एसटीची वेळ फलकावर वाचली तरी तीन माणसांना विचारतात. पण असल्या संशयी माणसाच्या शब्दावर आमचं गाव, पार राहू गावापर्यंतचं शिवार, डोळे मिटून विहिरी खोदत आलं. कारण आबा पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रान चालतात. नारळ जिथं उभा राहील तिथं पाणी. नारळाला काय कळतं ते देव जाणे, पण आबांना उंबर, वारूळ आणि खडक बरोबर कळतात.

घोड नदीच्या वरच्या अंगाला आमचं गायरान आहे. नुसता कुसळांचा माळ. वीस वर्षांपूर्वी दुष्काळात तिथं विहीर घ्यायचं घाटत होतं. आबांनी दोन दिवस माळ पालथा घातला आणि सांगितलं, “थेंब न्हाई. समदं कोरडं हाय.” मी तेव्हा ग्रामपंचायतीत लिपिक होतो. तसा ठराव मीच वळणदार अक्षरात लिहिला.

गेल्या हिवाळ्यात पांढऱ्या सरकारी गाडीतून तेजश्री मॅडम आल्या. चार जिल्ह्यांतल्या दवाखान्यांचा आणि कारखान्यांचा सौम्य किरणोत्सारी कचरा, म्हणजे हातमोजे, गाळण्या, चिंध्या, काँक्रीटच्या खंदकात एकाच जागी पुरायचा होता. त्यासाठी उंच आणि कोरडी जागा हवी होती. यादीत आमचा माळ पहिला. का, म्हणून विचारलं तर त्यांनी फायलीतून एक कागद काढला. माझंच अक्षर! शिवाय माळाच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी घेतलेलं एक बोअरही कोरडं गेलं होतं.

मला तर पहिल्यापासूनच वास येत होता. चार जिल्ह्यांच्या घाणीला नेमका आमचाच माळ कसा सापडतो? आबा मात्र देवळाच्या ओट्यावर बसून शांतपणे विचारत होते.

“किती वर्सं राखायचं म्हंता?”

“साधारण तीनशे वर्षं.”

“तीनशे? आमच्या टाकीचं कुलूप तीन म्हैनं टिकत न्हाई, बाई. आन् पुरलेलं कुठं ऱ्हातंय? इनामगावच्या लोकांनी घरात रांजणं पुरली व्हती. तीन हजार वर्सांनी तुमच्यासारख्या सायबांनीच उकरली न्हवं?”

मॅडम हसल्या नाहीत. “म्हणूनच कोरडी जागा बघतोय, आबा. पाणी लागलं की जागा बाद.”

आबा एकदम उठले आणि माळाच्या वाटेला लागले. त्यांना कुणी फितवलं की काय, या शंकेनं मीही मागोमाग गेलो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला त्यांचाही भरवसा वाटत नव्हता.

ते एका तरवडाच्या झुडपापाशी उभे होते. त्यांची बायको रतनबाई तिथंच शेरडं चारत होती.

“नाना, हितं नारळ उभा राह्यला व्हता,” आबा मला म्हणाले. “म्या आंगठ्यानं दाबला.”

“का पण?”

“आपल्या सरपंचाच्या, दत्ताच्या बापाला हितं गायरान बळकावून ऊस लावायचा व्हता. पाणी दिसलं असतं, तर एका सालात कुंपण पडलं असतं. मंग ज्यांला रान न्हाई, त्यांची शेरडं कुठं चरली असती?”

रतनबाईच्या हातातली काठीच थांबली. “वीस वर्सं मला बी सांगितलं न्हाई?”

“तुझं तोंड म्हंजी दवंडी, रतन.”

ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. आबांनाही झोप नव्हती. खरं बोलावं तर माळ उसाला जाणार, गप्प बसावं तर कचऱ्याला. शेरडांचं दोन्हीकडून मरणच.

तिसऱ्या दिवशी ग्रामसभेत ते उभे राहिले. “माळावर पाणी हाय. तवा म्या खोटं बोललो.”

सोनारानं आपला काटा खोटा आहे म्हणावं, तसं झालं. कुणी हसलं, कुणी ओरडलं, “मंग माझी हीर पन खोटीच दावली का?” सरपंच दत्ता उठला. तो म्हणाला, “आबा, वीस वर्सं कोरडं आन् आज वलं? कुनी शिकवलं तुमाला?” मला त्यांची फार कीव आली, पण साक्ष द्यायला मी उठलो नाही.

“मी तपासते,” मॅडम म्हणाल्या.

बोअरची गाडी तरवडापाशी लागली. शंभर फुटांपर्यंत नुसता पांढरा फुफाटा. लोक आबांकडे बघत होते आणि आबा आपल्या अंगठ्याकडे. दीडशेच्या पुढं राडा आला, मग काळं पाणी, मग चांगलं हातभर उसळलं. पोरं नाचली. मॅडमनी नोंद केली, “जागा बाद,” म्हणाल्या आणि आबांना नमस्कार करून गेल्या.

गर्दी पांगली. रतनबाईची शेरडं साचलेल्या पाण्याला तोंड लावत होती. दत्ता पावलं टाकत माळ मोजत आला आणि आबांपाशी थांबला. आवाजात नुसता मध.

“गावाला वाचवलंत, आबा. उद्या जरा नारळ घेऊन या की. अजून कुठं कुठं हाय पाणी, ते बघू.”

आबांनी शेरडांकडे पाहिलं. “न्हाई. एवढंच व्हतं. बाकी समदा माळ कोरडा हाय.”

दत्ता हसला. मग मागं उभे असलेले चारपाच जणही हसले. आबांचं ‘कोरडं’ त्या माळावर पहिल्यांदाच कुणी खरं मानलं नाही.