गाडीतली चौथी

मंडळी, मी गणिताची टीचर आहे. कोणी भुताखेताचं सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असतो, "त्या दिवशी झोप नीट झाली होती का?" माझ्या मते निम्म्या अमानवीय गोष्टी जागरणातून होतात आणि उरलेल्या अपचनातून. हे मत आजही फारसं बदललेलं नाही, आणि म्हणूनच हा अनुभव लिहायला इतका उशीर झाला. नवरा म्हणाला, "लिहून टाक एकदाचं, म्हणजे माझं डोकं खाणं तरी थांबेल."

आम्ही ऑस्ट्रेलियात टूवूंबाला राहतो. त्याआधी मी मस्कतला शिकवत होते. तिथे असताना दर वीकेंडला गाडी काढून कुठेतरी सुटायची सवय लागली, ती इथेही आली. नवरा, समीर, इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे; त्याच्या शिफ्ट्स आणि माझे पेपर यांतून एखादा शनिवार मोकळा निघाला की आम्ही घरात सापडत नाही. शाळेतली पोरं मला 'मिस' म्हणतात आणि अल्जिब्रा सोडून सगळ्याची चौकशी करतात. "मिस, तुमच्या घरी हत्ती होता?" मी सांगते, "दोन होते. पार्किंगचा फार त्रास व्हायचा." या पोरांना एक्सकर्शनला नेऊन नेऊन मला एक खोड लागली आहे... कुठेही गाडीतून उतरलं की आधी डोकी मोजायची. मॉलमध्येसुद्धा. समीर याची यथेच्छ टिंगल करतो.

तर, त्या वर्षी माझी आई कराडहून आली होती. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. तिला डायबेटिस, गुडघे कुरकुरणारे, आणि बाबा गेल्यापासून एक नवीनच सुरू झालेलं — "मी घरीच बसते, तुम्ही जाऊन या." मी काही ऐकणारी नाही. एका शनिवारी बन्या माउंटन्सला जायचं ठरवलं. आमच्याकडून दोनेक तासांवर डोंगर, वर रेनफॉरेस्ट, गवतावर वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, चरत असतात. मी थालीपिठं केली, थर्मास भरला. आई चपला घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तिघांनी निघायचं नसतं."

तीन तिघाडा काम बिघाडा, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यावरचा उपायही माहीत आहे: एक खडा बरोबर घ्यायचा, तो चौथा. लहानपणी आम्हीही खिशात खडा टाकून निघायचो. पण आई मागच्या अंगणात गेली आणि कपडे वाळत घालायच्या तारेखालचा चांगला नारळाएवढा दगड घेऊन आली.

"अगं, खडा चालतो," मी म्हटलं.

"एवढ्या लांब जायचं, तर सोबतही जरा बरी असावी," म्हणत तिने तो मागच्या सीटवर स्वतःशेजारी ठेवला. वर त्याच्यावर हात ठेवून म्हणते, "चल बाई, तूही फिरून ये."

गाडी सुरू केली आणि सीटबेल्टचा अलार्म टॅंव टॅंव करायला लागला. समीर निमूटपणे उतरला आणि दगडाला बेल्ट लावला. "सासूबाईंची मैत्रीण," तो म्हणाला, "कायद्याने जायला हवी." आई इतकी हसली, की मला बरं वाटलं. बऱ्याच महिन्यांनी तिला असं हसताना बघत होते.

वर पोहोचलो तेव्हा दुपार होत आली होती. ऊन होतं, पण हवेत गारवा. पार्किंगमध्ये शेजारी एक कॅराव्हॅन होती, तिच्यापुढे एक म्हातारं जोडपं खुर्च्या टाकून बसलेलं. आम्ही हात केला, त्यांनीही केला. जंगलातली पायवाट सुरू होते तिथे मी सवयीने डोकी मोजली, स्वतःला धरून. "चार. आहेत सगळे, चला."

समीर खो खो हसला. "दगड गाडीत राहिलाय, मिस."

मीही हसले. म्हटलं, वय झालं.

आई अर्ध्या वाटेत दमली. एका बाकावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही पुढचा देखावा बघून या, मी इथे पक्षी बघते." लुकआउट जवळच होता. आम्ही गेलो, फोटो काढले, परत आलो... बाक रिकामा.

आधी वाटलं, इथेच असेल झाडामागे. हाका मारल्या. उत्तर नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं, की तिचा खाऊ माझ्या सॅकमध्ये आहे, गोळी तिने सकाळीच घेतलीय आणि तिचा फोन गाडीत आहे. आमच्या फोनला रेंज नव्हतीच. बाकाच्या पुढे दोन वाटा फुटत होत्या, आणि दोन्हीकडे नुसतं हिरवं, दाट, एकसारखं जंगल. तिची शुगर उतरली तर ती कुठे पडेल, कोणाला दिसेल... समीर, जो इमर्जन्सीत बर्फासारखा थंड असतो, त्याचा आवाज चढला. "तू पार्किंगकडे जा, मी दुसऱ्या वाटेने बघतो." मी "आईऽऽ" ओरडत धावत सुटले. रडत होते, हे मला खाली पोहोचल्यावर कळलं.

तर आई कॅराव्हॅनपुढच्या खुर्चीत बसलेली. पायावर चौकटीचं ब्लँकेट, हातात जॅम लावलेला स्कोन, म्हणजे इथला गोडसर पाव.

मी तिला मिठी मारली आणि मग मनसोक्त रागावले. ती स्कोन खात राहिली. आजोबा म्हणाले, "नो वरीज, लव्ह. तुझी मैत्रीण घेऊन आली ना तिला. आधी हिला काहीतरी गोड द्या म्हणाली, आणि तुम्हा दोघांना सांगायला परत वर गेली."

मी म्हटलं, "कोण मैत्रीण?"

"तुमच्याबरोबर आली ती. आईशेजारी मागे बसलेली."

तेवढ्यात समीर धापा टाकत आला. आम्ही दोघांनी मिळून त्यांना सांगितलं की आम्ही तिघंच आहोत. आजींचा चेहरा बदलला. त्यांनी चौघांना उतरताना पाहिलं होतं; हात केला तेव्हा तिनेही केला होता. सावळी, पन्नाशीची, करड्या कपड्यातली. त्यांना वाटायला लागलं, आम्ही आमचं एक माणूस जंगलात टाकून निघालोय. मोठी पंचाईत झाली. शेवटी समीर आणि आजोबा पुन्हा वर जाऊन, हाका मारून, दोन्ही वाटा पाहून आले. कोणी नव्हतं. पार्किंगमधल्या इतर गाड्यांत विचारलं, तिथेही अशी कोणी बाई नव्हती. मी गाडीत दगड बघितला. तुम्हाला वाटेल आता ही सांगणार की तो ओला होता, शेवाळ लागलं होतं... अजिबात नाही. बेल्ट लावलेला, कोरडा ठणठणीत दगड.

परतीच्या रस्त्यावर आईला नीट विचारलं. तिला बाकावर घेरी आल्यासारखं झालं, आम्हाला गाठायला उठली आणि भलतीच वाट धरली. मग त्या बाईने हात धरला.

"अनोळखी बाईबरोबर गेलीस?"

"अनोळखी कशी? मला वाटलं तुझ्या शाळेतली. सकाळपासून आपल्याबरोबर होतीच की."

समीरने वळून माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "ती बोलली कुठल्या भाषेत?"

आई आठवायला लागली. "ते नाही गं सांगता येत. पण सगळं कळत होतं. बाबांचंही बोललो आम्ही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही दोघं फार भराभर चालता. ती माझ्या चालीने चालली."

समीरने गाडीचा वेग कमी केला.

समीरची थिअरी अशी, की कोणी भली बाई फिरायला आली होती, आणि म्हाताऱ्यांचा मोजण्यात घोळ झाला. असेलही. पण डोकी मीही मोजली होती, आणि मोजायचा मला पगार मिळतो. दगड टाकून द्यायला आईने साफ नकार दिला. पुन्हा तारेखाली ठेवला, आणि ती राहिली तोपर्यंत प्रत्येक ट्रिपला बरोबर घेतला. आणि "मी घरीच बसते" हे तिच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. चौथी मात्र परत कोणालाच दिसली नाही.

हे काय होतं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर सांगा, फक्त अपचन म्हणू नका. थालीपिठं चांगली झाली होती. आई आता कराडला असते, एकटीच सगळीकडे जाते-येते. दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. माझी विचारपूस होते, समीरची होते, हवापाणी होतं. आणि फोन ठेवायच्या आधी, घरातल्या माणसाचं विचारावं तसं विचारते, "आणि ती बरी आहे ना?"

मी मागच्या दाराकडे बघते आणि सांगते, "बरी आहे."