निवऱ्या थांबायचा

त्या दिवशी सकाळी म्हशीला वैरण टाकत होतो, तेवढ्यात माझ्या दोस्ताच्या, निवृत्तीच्या पोराचा इंदापूरहून फोन आला. "तात्या, आमचं आण्णा गेलं." मला रडू नाही आलं, राग आला. माझ्या नातीचा बोल ऐकायला ज्यानं माझी ओसरी झिजवली, तो नेमका ती बोलायला लागली तेव्हा दवाखान्यात, आणि तिथूनच गेला...

ईश्वरी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. मी चौथी शिकलेला, पण माझं म्हणणं पक्कं. पोपटानं टोचलेला पेरू खाल्ला की पोर बोलतं. बागा हिंडून तसले पेरू आणायचो. सून म्हणायची डॉक्टर. निवऱ्याचं तिसरंच. कारखान्यात जन्म गेलेला माणूस, रोज दुपारी यायचा, पोरीपुढं उकिडवा बसायचा. "काय इशूबाई, म्हस कुणी सोडली?" असं विचारून तिच्या तोंडाकडं बघत गप बसायचा. मी वैतागायचो.

"आरं, ती बोलत न्हाय, आन तू उत्तराची वाट बघतूस!"

"मंग? इच्चारलंय नव्हं म्या? तू कवा कुणासाठी थांबलाईस? तुझी बायकू जन्मभर नुसतं व्हय व्हय करती."

त्याच्या दहाव्याला पाव्हणे माझीच पाठ थोपटत होते. "तात्या, तुमच्या पेरूनं काम केलं बगा." मी ओरडलो, "पेरूनं न्हाय, निवऱ्यानं!" लोकं हसली. "त्यो तर नुसता बसायचा की!"

परवा सुनेबरोबर ईश्वरीला बारामतीला एका शाळेत बालवर्गासाठी नेलं. बाईंनी विचारलं, "बाळा, घरी कोण कोण असतं?" पोर वर बघायला लागली, तोवर बाईंनी फळांचं चित्र पुढं केलं.

"बाई, थांबा की जरा. सांगती ती."

"आजोबा, बाहेर अजून मुलं आहेत."

पुढच्या वर्षी आणा म्हणाल्या. मी काही बोलणार तर सुनेनं हात दाबला.

एसटीत मी घुश्शातच बसलो होतो. भवानीनगरच्या अलीकडं कारखान्याचं धुराडं दिसलं, तशी पोरीनं माझी बाही ओढली.

"आज्जी," म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "आई. पप्पा..." आणि माझ्याकडं बोट करून, "आबा."

सून म्हणाली, "शाब्बास, आता..." मी तिला हातानंच गप केलं. पोर अजून वरच बघत होती. उसाची एक ट्रॉली गेली, दुसरी गेली.

"आन निवऱ्या."