सोसायटीचा मका

नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या मागे भिंतीलगत मोकळी पट्टी होती. एका जूनमध्ये चेअरमनसाहेबांना तिथे सेंद्रिय शेती करायची लहर आली. त्यांनी मका लावायचं ठरवलं. निम्मी बिऱ्हाडं आमच्यासारखी साताऱ्याकडची, म्हणजे शेतकऱ्यांचीच पोरं. पण मीटिंगमध्ये सगळे असे बसले होते, जणू मक्याचं रोप जन्मात पाहिलं नाही. पेरणीला मात्र पांढरे बूट घालून हजर! मूठभर दाणे टाकायचे आणि पन्नास फोटो काढायचे.

मका चांगला वाढला. कणसं दुधात आली आणि पोपट उतरले. येणारच. चेअरमनसाहेब स्वतःच बाल्कनीत रोज त्यांना भिजवलेले चणे घालत होते आणि ‘आमचे पाहुणे’ म्हणून ग्रुपवर व्हिडिओ टाकत होते. पाहुण्यांनी आता मुक्कामच ठोकला. कणसाचं टोक सोलायचं, चार दाणे टिपायचे, पुढच्यावर जायचं. पाठोपाठ घुशी आल्या. खिडकीतून खाली फेकलेल्या पोळ्या-भातावर पोसलेल्या या घुशी भिंतीखालून बिळं काढून बुंधेच कुरतडायला लागल्या. सकाळी मक्याची ताटं आडवी पडलेली असायची.

मी मीटिंगमध्ये उठून म्हटलं, "आधी चणे बंद करा आणि खिडकीतून खरकटं टाकणं बंद करा. पहाटे पाळीपाळीने राखणीला बसू. मी बसतो उद्या."

"काका, निगेटिव्ह बोलू नका हो," चेअरमन म्हणाले. "आपण सायंटिफिक सोल्युशन आणलंय."

ते सोल्युशन म्हणजे प्लास्टिकचं घुबड. दोन दिवसांत एक पोपट त्याच्या डोक्यावर बसून कणीस सोलत होता. हे आमच्या बायकोने मला हाताला धरून दाखवलं. हसून तिला ठसका लागला.

तरीही ‘मका महोत्सव’ ठरलेल्या रविवारी झालाच. टेम्पोतून बाजारची कणसं उतरली. गेटवर उभं राहून मी ती उतरताना पाहिली. संध्याकाळी शेगडीवर भाजलेलं कणीस लिंबू चोळून माझ्या हातात देत चेअरमन माइकवर म्हणाले, "आपल्या मातीची चव बघा!"

मी म्हटलं, "गोड आहे. कुठल्या बाजारातून आणलंत?"

माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. कुणी हसलं नाही. एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. चेअरमननी मान लववून त्या स्वीकारल्या. त्या निबरपणाला तोड नव्हती.

बायको मात्र तिथे थांबली नाही. पट्टीत जाऊन तिने पडलेल्या ताटांतून तीन धड कणसं शोधून काढली, घरी कुकरला लावली. आम्ही दोघांनी ती जेवणाआधीच संपवली. बुटकी होती, दाणेही विरळ, पण चांगली लागली. खालून माइकवर आभारप्रदर्शन चाललं होतं. तिने उठून खिडकी लावली.